एक कुपी आणि दोन पिल्लं

कुणी नवं पिल्लू घरी आणलं की लोक त्याचं नाव विचारतात, जात विचारतात. मी विचारते, सुया किती झाल्या? "एक झाली की!" असं कौतुकाने सांगणाऱ्या माणसाकडे मी अशी बघते, की तो पुन्हा आमच्याकडे चहाला येत नाही. त्याला माझा इलाज नाही. आयुष्यभर शाळेत मुलांकडून पाढे घोकून घेतले. एकदा म्हटलं आणि झालं, हे मला कशाच्याच बाबतीत पटत नाही. पिल्लांच्या बाबतीत मात्र हे शहाणपण मला बरंच उशिरा आलं, आणि आलं तेही तोंडघशी पडून.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. लोणावळ्यात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं राहत होतो. हे मालधक्क्याच्या ऑफिसात कारकून आणि मी गावातल्या प्राथमिक शाळेत. आमच्याकडे त्याआधी एक कुत्रा होता. त्याच्या गळ्यात नगरपालिकेचा पितळी बिल्ला होता आणि पिसाळण्याची सुईही त्याला टोचून आणली होती. सुई झाली, बिल्ला मिळाला, आता याला काय होतंय, अशा थाटात आम्ही राहिलो. दोन वर्षांचा असताना एका थंडीत त्याच्या नाका-डोळ्यांतून चिकट घाण यायला लागली. मग खोकला, मग हगवण. शेवटी जबडा आपोआप कडकड वाजायला लागला आणि झटके सुरू झाले. सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर म्हणाले, "हा डिस्टेंपर. पिसाळण्याच्या सुईचा याच्याशी काही संबंध नाही. याची लस वेगळी असते आणि ती आधी द्यायची असते. आता देऊन उपयोग नाही." पाचव्या दिवशी तो गेला. मी कानाला खडा लावला, की यापुढे घरात कुत्रं नाही.

तो खडा टिकला दीड वर्ष.

आमच्याकडे दूध घालायला एक मावशी यायच्या. भुशीच्या वरच्या अंगाला डोंगरात पाच-सहा घरांची वस्ती होती, तिथल्या. दोन म्हशी, वीसेक शेळ्या आणि एक कुत्री, एवढा त्यांचा संसार. नवरा कधीच वारलेला आणि मुलगा तळेगावच्या बाजूला कामाला. रोज पहाटे निघून दोन तासांची उतरण उतरून त्या गावात यायच्या. त्यांची ती कुत्री मी एकदाच पाहिली होती. तिचा मागचा एक पाय उभ्या जागी सारखा उडायचा. लहानपणी तिलाही तोच आजार झाला होता. त्यातून ती वाचली, पण पायाची ती खोड राहून गेली. तशा पायाने ती रात्रभर शेळ्यांभोवती फिरायची. बिबट्या वस्तीच्या कडेपर्यंत यायचा, पण कुत्री होती तोवर मावशींची एकही शेळी गेली नाही.

दिवाळीनंतर ती व्याली. तीन पिल्लांतलं एक थंडीने गेलं आणि दोन राहिली, एक काळं आणि एक काळं-पांढरं, बांडं. मावशी म्हणाल्या, "बाई, बांडं तुमी न्या. घर सुनं सुनं लागतंय तुमचं." मी नाही नाही म्हणत रविवारी वर गेले. मावशींचा एक रिवाज होता. पिल्लू विकायचं नाही, पण फुकटही न्यायचं नाही. नेणाऱ्याने त्याच्या आईला आपल्या हाताने भाकरी खाऊ घालायची आणि मग उचलायचं. मी घरून दोन भाकऱ्या करून नेल्या. कुत्रीने त्या खाल्ल्या, माझा हात चाटला, आणि मी तिचं महिनाभराचं पिल्लू पदराखाली घेऊन उतरले. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, हे कबूल करते.

या वेळी मी ठरवलंच होतं, की सगळं पद्धतशीर करायचं. दुसऱ्याच दिवशी पिल्लू घेऊन दवाखान्यात हजर. तिथे बैलाच्या खुरात औषध भरत बसलेल्या डॉक्टरांनी वर न बघताच सांगितलं, "फार लहान आहे. पंधरा दिवसांनी या. आधी जंताचं औषध द्या." स्वभावाने हे डॉक्टर मिरचीसारखे तिखट, पण काम चोख. लस त्यांच्याकडे नव्हती. ती परदेशातून यायची आणि पुण्यात एका औषधवाल्याकडे फ्रिजमध्ये मिळायची, तीही नेहमी नाही. एकाच सुईत तीन रोगांची लस. एक डिस्टेंपर, दुसरा लिव्हरचा, आणि तिसरा उंदरांच्या मुतातून होणारा, ज्यात कुत्रं पिवळं पडतं. बर्फ घातलेल्या थर्मासातून ती आणायची, उन्हात ठेवायची नाही, चुलीजवळ ठेवायची नाही. पंधरा दिवस भरल्यावर हे पुण्याला गेले आणि आमचा चहाचा थर्मास मांडीवर घेऊन गाडीने परत आले. थर्मास उघडायची आमच्या शेजाऱ्यांना फार उत्सुकता होती. आत दोन छोट्या कुप्या होत्या. एकीत तळाशी पांढरी वडी, दुसरीत पाणी, आणि दोन्ही मिळून एकच सुई. बघणाऱ्यांची निराशा झाली.

डॉक्टरांनी पिल्लाचा ताप बघितला, हिरड्या बघितल्या, कुप्यांतलं एकत्र केलं आणि मानेच्या कातडीखाली टोचलं. वर म्हणाले, "तीन-चार आठवड्यांनी दुसरी. मग आणखी एक. तोवर रस्त्यावर सोडायचं नाही, दुसऱ्या कुत्र्याजवळ न्यायचं नाही."

"तीन-तीन कशाला?" मी विचारलं. शाळेत देवी टोचायला माणूस यायचा तेव्हा हजेरीचं पुस्तक घेऊन मीच मुलांना रांगेत उभं करायची. एकदा टोचलं, आठ दिवसांनी फोड उठला, खूण राहिली, काम झालं. मावशींच्या म्हशींनाही बुळकांडीची, त्या गुरांच्या साथीची, सुई एकदाच टोचली होती.

"तुम्हीच सांगितलंत, याची आई आजारातून उठलेली आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "मग तिच्या पहिल्या दुधातून याला जे मिळालंय, ते अजून याच्या अंगात असेल. ते रोगालाही मारतं आणि माझ्या लसीलाही मारतं. त्याला दोघांतला फरक कळत नाही. ते कधी संपेल, सहाव्या आठवड्यात की बाराव्या, हे मला सांगता येत नाही. तुम्हालाही नाही, आणि पिल्लालाही नाही. म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. त्यातली एक तरी लागते."

मी मान डोलावली आणि घरी येऊन आठ दिवस पिल्लाच्या मानेवर फोड उठतो का ते बघत राहिले. फोड काही उठला नाही. यांनी त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा केली.

दुसऱ्या सुईची वेळ आली तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या. बाजारात कुत्री मरायला लागली. मटणाच्या दुकानाशी पडून असणारी तीन-चार कुत्री आठवड्यात दिसेनाशी झाली, आणि एका बंगल्यातला अल्सेशियन झटके येऊन गेला. तिकडे वस्तीवर मावशींची कुत्री बिबट्याने नेली. मावशी दूध मापताना सांगत होत्या, डोळ्यांत पाणी नाही, पण माप दोनदा चुकलं. "आता ह्यो काळा मोटा हुईस्तवर म्या बाहीरच निजती. त्योच हाय आता. ह्यो जगला तर शेळ्या ऱ्हातील."

मी म्हटलं, "मावशी, हे उद्या पुण्याहून लस आणताहेत. तुमचं पिल्लू घेऊन या दवाखान्यात. गावात रोग आलाय. अर्धी माझ्याला देऊ, अर्धी तुमच्याला."

हे मी अगदी सहज बोलले. आमच्याकडे लहान मुलाला ताप आला की मोठ्यांची अर्धी गोळी देत. दोन पोरं आजारी पडली तर एकाच गोळीचे दोन तुकडे. इवलीशी दोन पिल्लं, त्यांना एक कुपी पुरून उरेल, असा माझा हिशोब. शिवाय आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असंही मला त्या दिवशी वाटत होतं, आणि तसं वाटणं फार सुखाचं असतं.

दुसऱ्या दिवशी मावशी काळ्याला टोपलीत घालून घेऊन आल्या. दवाखान्यात येताना त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. मी डॉक्टरांना माझा बेत सांगितला. त्यांनी थर्मास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, ही काय चिवड्याची पुडी आहे वाटून खायला? अल्सेशियन असो नाहीतर हे एवढंसं असो, मात्रा तीच, पुरी कुपी. यात वजन बघत नाहीत. अर्धी-अर्धी दिली तर दोघांनाही दिल्यासारखी होईल आणि दोघांनाही लागणार नाही. ती तुमची नुसती समजूत होईल."

"दुसरी कुपी?"

"यांना विचारा." डॉक्टरांनी थर्मास घेऊन आलेल्या माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

हे म्हणाले, "औषधवाल्याकडे एवढीच होती. नवीन माल यायला आठ-दहा दिवस लागतील म्हणाला."

"मग याला द्यायची की त्याला?" मी डॉक्टरांना विचारलं. खरं म्हणजे निर्णय मला त्यांच्यावर ढकलायचा होता.

"तुमच्याला एक झालीय. ती लागली असेल, नसेलही. ह्याला एकही नाही, आणि आईकडचं आता संपत आलेलं असणार. एवढं मला सांगता येतं. कुपी तुमची आहे. मी न्यायाधीश नाही."

मावशी सगळं ऐकत होत्या. त्यांनी टोपलीवर फडकं ओढलं. "बाई, तुमी आणलीया, तुमच्याला टोचा. आमी जातो. आमची आजवर कुटं टोचली व्हती?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. ज्या बाईला मी दोन तास चालवत खाली बोलावलं, तिला तसंच वर पाठवायचं? डॉक्टर बघताहेत, नवरा बघतोय, रांगेतले शेतकरी बघताहेत.

"काळ्याला द्या," मी म्हटलं.

लोक याला औदार्य म्हणतील. ते नव्हतं. ती निव्वळ लाज होती. शब्द देऊन बसले होते, आणि सगळ्यांसमोर तो मागे घ्यायची हिंमत नव्हती. घरी येईपर्यंत मी यांच्या चार पावलं पुढे चालत होते. दारात आल्यावर हे म्हणाले, "दानशूर बाईंना चहा मिळेल का?" त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. बांड्याला मागच्या पडवीत कोंडून ठेवलं. शाळेतून आले की आधी साबणाने पाय धुवायचे आणि मगच त्याला हात लावायचा. बाजारातून येणाऱ्या चपला दाराबाहेर. त्याचं नाक ओलं आहे की जास्तच ओलं आहे, यावर आम्हा नवरा-बायकोचे वाद. रोज सकाळी मावशी दूध घालायच्या आणि सांगायच्या, "काळा झ्याक हाय." मी "बरं झालं" म्हणायची, आणि आत येऊन भांडं जरा जोरातच आपटायची. नंतरनंतर मला तो काळा डोळ्यांसमोरही नकोसा झाला.

रविवारी दुपारी पडवीतून शिंकांचा आवाज आला. बघते तर बांडा भिंतीला टेकून उभा, तोंडातून लाळेची तार, नाक गळतंय. डोळ्यांदेखत तो ओकला. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्याचे पाय लटलटायला लागले आणि मान थरथरायला लागली. मागच्या कुत्र्याचा तो वाजणारा जबडा मला आठवला. दवाखाना बंद. डॉक्टर गावाला गेलेले. यांनी पिल्लाला घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. मी मात्र यांना वाट्टेल ते बोलत सुटले. तुम्ही दोन कुप्या का नाही आणल्या, मला त्या वेळी का नाही अडवलं, मावशींना का नाही सांगितलं. त्या माणसाने घोंगडी आणखी घट्ट गुंडाळली.

सोमवारी सकाळी मावशी आल्या तेव्हा पिल्लू पोत्यावर निपचित पडलं होतं. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी तुटकपणे म्हटलं, "तेच. दुसरी सुई मिळाली नाही ना." म्हणायला नको होतं. पण म्हटलं. मावशींनी वाकून पिल्लाकडे बघितलं, दूध ओतलं आणि निघून गेल्या.

दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर जाऊन बसलो होतो. डॉक्टरांनी ताप बघितला. पुन्हा बघितला. डोळ्यांच्या कडा, पंजांचे तळवे, पोट, सगळं चाचपलं. मग त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून वास घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"घरात तंबाखू कोण खातं?"

"कुणी नाही," मी ठणकावून सांगितलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले.

"मशेरी कोण लावतं?"

शाळेत मी पोरींचे दात तपासायची. कुणाचे काळे दिसले की, आईला सांग मशेरी वाईट असते, म्हणून बजावायची. आणि स्वतः? लग्नाआधीपासूनची सवय. मागच्या पडवीत कोनाड्यात भाजलेल्या तंबाखूची ती डबी असायची, रोज पहाटे कुणी उठायच्या आत दातांना लावायची. यांच्याशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं. त्या रविवारी काळजीच्या नादात डबीचं झाकण लावायचं राहिलं, आणि ती कोनाड्यात ठेवायच्या ऐवजी मी खाली ओट्यावर ठेवली.

"मी," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरांनी "कोण?" म्हणून पुन्हा विचारलं.

"याला ताप नाही, डोळे स्वच्छ आहेत. याला डिस्टेंपर नाही, बाई. याला तुमची मशेरी झालीय. नाकात गेली म्हणून शिंकला, पोटात गेली म्हणून ओकला आणि थरथरला. ओकला तेच बरं झालं, नाहीतर जीवावर बेतलं असतं. आता उतरलंय. पातळ ताक-भात द्या. माल आला की दुसरी सुई घेऊन या. आणि ती डबी..." ते टेबलाकडे पाठ करून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

माझा जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या पायरीवरच मी पदर तोंडाला लावून रडले, आणि रडता रडता हसले. हे सारखे विचारत होते, "चहा घेणार का? चहा घेणार का?" पुढे त्या शुक्रवारी कुपी आली, त्यानंतर महिन्याने तिसरी, शिवाय पिसाळण्याची वेगळी. वर्षाने पुन्हा एक. बांडा बारा वर्षं जगला. पण हे सगळं पुढचं. त्या सोमवारची गोष्ट अजून संपलेली नाही.

मी त्या दिवशी शाळेत रजा सांगितली होती. दुपारी बारा-साडेबाराला दार वाजलं. दारात मावशी. सकाळी दूध घालून गेलेली बाई वस्तीपर्यंत चढून गेली होती आणि भर दुपारी पुन्हा उतरून आली होती. पायांवर धूळ, कपाळावर घाम, डोक्यावर तीच टोपली. त्यांनी ती उंबऱ्याबाहेर ठेवली आणि फडकं बाजूला केलं. आत काळा.

"ह्यो घ्या," त्या म्हणाल्या. "सुई तुमची व्हती, ती ह्याच्या अंगात हाय. तुमचं जाऊन माजं ऱ्हावं, ह्ये काय मला पटंना. वर गेली आन् ह्याला घिऊनच आली."

"अहो, पण शेळ्या?"

"बसंन मी राखत. मला कुटं झोप येतीया."

मी त्यांचा हात धरून त्यांना पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. रोग नाही, ताप नाही, माझी मशेरी. मावशींनी भांडं अर्ध्यात थांबवलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग आपल्या काळ्या हिरड्या दाखवत अशा हसल्या, की पाण्याचा ठसका लागला. "म्हंजी बाई, तुमी बी?"

"मी बी," मी म्हटलं.

त्यांनी टोपली उचलली आणि काळ्याला घेऊन वर गेल्या. त्याच्याही पुढच्या सुया झाल्या, तो चांगला आडमाप झाला आणि शेळ्या राखत म्हातारा झाला. मावशींकडे त्या वेळी राखणीला दुसरं काहीच नव्हतं, आणि ते एकुलतं पिल्लू मला देऊन टाकायला त्या भर उन्हात डोंगर उतरून आल्या होत्या. मी मात्र तो सबंध आठवडा एका कुपीसाठी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. त्या रोज "काळा झ्याक हाय" म्हणत, तेव्हा मला ते ऐकवत नसे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि आता त्या नाहीत.